ठिपक्यांचं मांजर, घोटायचा दगड

नास्का, ३ ऑगस्ट २०१४

अल्सीरा,

'प्रिय' लिहायला घेतलं होतं, पण एकोणीस वर्षांनी एकदम प्रिय म्हटलं तर तुलाच हसू येईल. म्हणून नुसतं नाव. फोन केला असता, पण माझा आवाज ऐकला की तू ठेवून देतेस. कागद निदान पुरता बोलून तरी घेतो. फाडायचा असेल तर वाचून झाल्यावर फाड.

पत्र निकानोर आणतो आहे. आपल्या या चुलतभावाला लिमाची बस चालवण्यापेक्षा निरोप पोहोचवायची हौस जास्त, तेव्हा ते वाटेत हरवणार नाही.

कामाचं लिहिते. कालव्याजवळच्या संग्रहालयातलं आपलं मांजर लिमाला चाललं. तेच, दोन चोचींच्या सुरईवरचं. अंगभर ठिपके, तोंडाला रुंद मिशा, दोन्ही पंजांत मिरच्यांच्या फांद्या. बाबा दर रविवारी आपल्याला त्याच्यासमोर उभं करायचे, मग तोंडं भिंतीकडे फिरवून विचारायचे, "डाव्या पंजात मिरच्या किती?" मी म्हणायचे चार. तू दर वेळी चुकायचीस. पण डोळे मिटून हवेत त्या सुरईची गोलाई काढायला सांगितली की तुझा हात बरोब्बर वळायचा आणि माझी सुरई भोपळा व्हायची.

मागच्या भूकंपात संग्रहालयाचं कपाट हललं. म्हणून लिमाच्या साहेबलोकांनी ठरवलं की दीड हजार वर्षांची वस्तू इथे सुरक्षित नाही. दीड हजार वर्षं ती इथल्याच वाळूत होती, तिथे कोणाचं कपाट होतं? गावची सभा भरली. संचालक डॉक्टर बेर्मुदेस म्हणाले, "रिकाम्या जागी आपण मोठा फोटो लावू." सगळे माना डोलवत होते. मी उभी राहिले.

"फोटो कशाला? मी त्याचं जुळं करून देते. तीच माती, तेच रंग, तीच भट्टी. शेजारी शेजारी ठेवलं तर मांजरालाही कळणार नाही आपण कोणतं ते."

टाळ्या पडल्या, अल्सीरा. शेजारची दोन्या सेबास्तियाना माझ्या मागेच बसली होती. ती कुजबुजली, "बस खाली, फेर्मिना, गुडघे वाजताहेत तुझे." वाजत होते, पण मी बसले नाही. कोनिस्यांच्या घरातलं कोणी उभं आहे म्हटल्यावर ते उभंच दिसलं पाहिजे. बाबा असते तर टोपी काढून मिरवले असते.

तर आता दगड पाठव. भांडी घोटून चमकवायचा दगड. तू गेलीस तेव्हा स्वेटरच्या बाहीत घालून नेलास तो. मी उसना मागत नाही, परत मागते आहे. दगड बाबांचा होता आणि त्यांनी तो दोघींना दिला होता. १२ ऑक्टोबरला नवं मांजर कपाटात जाणार आहे. त्याआधी हवा.

फेर्मिना

२१ ऑगस्ट

अल्सीरा,

निकानोर हात हलवत आला. म्हणाला, "पत्र दिलं. तिने वाचलं. मग मला मक्याच्या पिठाचे तामालेस वाढले, तीन."

"आणि उत्तर?"

"उत्तर नाही. पण तामालेसमध्ये जैतून होता. चांगले होते."

त्याला पत्राचं उत्तर आणायला पाठवलं, हा खाऊन आला. बाकीच्या बातम्या मात्र न विचारता दिल्या. तू जाड झालीस. शाळेच्या स्वयंपाकघरात दोनशे पोरांचं रांधतेस. खोली तिसऱ्या मजल्यावर आहे, आणि खिडकीत जिरेनियमच्या मातीच्या कुंड्या आहेत, बाजारात मिळतात तशा साध्या, पण आरशासारख्या चमकतात म्हणे. तेल फासत असशील. कुंडीला तेल फासणारी बाई आपल्या घरात निघेल असं वाटलं नव्हतं.

इकडे काम जोरात आहे. सुरईचं अंग तयार आहे. चांगलं आहे, पातळ, हलकं, चोचींमधला पूल अगदी जुन्यांसारखा. कधी केलं, कसं केलं ते विचारू नकोस. गेरू मी स्वतः टेकडीवरून खणून आणला. जांभळी माती मिळायला चार दिवस लागले. आपल्या नेहमीच्या जागेवर आता कोणीतरी कोंबड्यांचं खुराडं बांधलंय. मी मालकिणीला म्हटलं, "बाई, तुमच्या कोंबड्या माझ्या मांजरावर बसल्यात." तिने मला वेडी समजून हवी तेवढी माती नेऊ दिली.

रंगवायला उद्या घेईन. हात अजून कापत नाही माझा. त्रेसष्टाव्या वर्षी एका श्वासात पाठीची अख्खी रेघ ओढते. नास्कात दुसरी कोण ओढते ते सांग.

दोन्या सेबास्तियाना परवा येऊन माझ्या फळीवरच्या ताटल्या बघत उभी राहिली. "फेर्मिना, तुझी भांडी हल्ली अशी निस्तेज का? पूर्वी त्यात मला माझं तोंड दिसायचं."

म्हटलं, "मुद्दाम. जुन्या लोकांची अशीच असायची. आणि तुझं तोंड बघायला तुझ्या घरात आरसा आहे."

मोठी आली सांगणारी.

लिमातल्या त्या बक्षिसाच्या दिवसाबद्दल मी काही बोलणार नाही. तू अजून तेच धरून बसली असशील म्हणून एवढंच सांगते की अर्जावर नावासाठी एकच ओळ होती. एका ओळीत मी काय करणार होते? ते तेव्हाही सांगितलं, आजही तेच आहे. दगड पाठव.

फेर्मिना

९ सप्टेंबर

अल्सीरा,

हे पत्र दोनदा लिहून फाडलं. तिसरं आहे, आणि हेच पाठवणार.

काल मी रंगवलेली सुरई ओल्या फडक्यात गुंडाळून, टोपलीत ठेवून संग्रहालयात नेली. भाजायच्या आधी डॉक्टरांनी एकदा चित्र पाहावं म्हणून. त्यांनी जुन्या सुरईशी ताडून पाहिलं. चष्मा काढला, परत लावला. मिरच्या मोजल्या. म्हणाले, "सेन्योरा, मला भीती वाटते आहे की मी चुकून तुमची लिमाला पाठवीन." मी ताठ उभी होते. यापेक्षा मोठी शाबासकी मला आजवर मिळाली नाही, ते बक्षीस धरून.

मग त्यांनी कपाटात लावायचं कार्ड दाखवलं. छापून आलं होतं. 'प्रतिकृती. स्थानिक कारागिरी.' बस्स.

मी विचारलं, "माझं नाव?"

"आमच्या सगळ्या कार्डांचा नमुना ठरलेला आहे, सेन्योरा. खाली एकच ओळ असते."

"एकच ओळ?" माझा आवाज एवढा चढला की दारावरचा पहारेकरी आत आला. "नाव लिहायला किती जागा लागते हो? मुंगीएवढं लिहा! कार्डाच्या पाठीवर लिहा! मनात असलं तर जागा होते, डॉक्टर. मनात नसलं की ओळ मोजायची!"

हे बोलले आणि माझी दातखीळ बसली. डॉक्टरांना वाटलं मला भोवळ आली. त्यांनी खुर्ची आणली, पाणी आणलं. मला भोवळ आली नव्हती. माझं मलाच ऐकू आलं होतं.

टोपली घेऊन कालव्याच्या कडेने घरी आले. तू समोर नाहीस म्हणून लिहायला धीर येतो आहे. अर्जावर ओळ एकच होती, हे खरं. पण ओळीखाली दोन बोटं कोरी जागा होती. मी ती पाहिली होती. पेन तिच्यावर टेकवलंही होतं. तेवढ्यात वाटलं, रंग तर माझा, मांजर तर माझं, लोक बघतात ते चित्रच बघतात, घोटाई कोण बघतं. आणि पेन उचललं. पुढे व्यासपीठावर बक्षीस देणाऱ्या बाईंनी विचारलं, "हे कोणी केलं?" तेव्हा तर ओळीबिळीचा प्रश्न नव्हता. तोंड होतं, दोन नावं मावली असती. मी म्हटलं, "मी."

तू मागच्या रांगेत उभी होतीस. नास्कापासून आठ तास त्या बक्षिसाच्या भांड्याची पेटी तू मांडीवर घेऊन बसली होतीस, बसच्या खड्ड्यात आधी स्वतःचं डोकं आपटू दिलंस पण पेटी हलू दिली नाहीस. मी खिडकीशी झोपले होते.

अजून आहे. एकदा सुरू केलं आहे तर सगळंच सांगते.

या सुरईचं अंग मी केलेलं नाही. ते तुझं आहे. तू गेलीस त्या आठवड्यात वळ्या रचून, पांढऱ्या मातीचा हात देऊन, घोटून तू एक सुरई वाळत ठेवली होतीस, आठवतं? मी ती मक्याच्या रांजणात, मक्याच्या दाण्यांत पुरून ठेवली. आधी रागाने, तुझं काही डोळ्यांसमोर नको म्हणून. नंतर रागाने नाही. मला अंग जमत नाही, अल्सीरा. एकोणीस वर्षांत जमलं नाही. सभेत उभी राहिले तेव्हा माझ्या मनात तीच सुरई होती, म्हणून तर गुडघे वाजत होते. भाजलेली नाही, नुसती वाळलेली माती. ओली केल्याशिवाय रंग धरणार नाही, आणि चार थेंब जास्त पडले तर एकोणीस वर्षांचा चिखल होईल. सहा दिवस मी ओल्या फडक्याने तिला निजवत-उठवत होते. टिकली. तू केलेलं अंग आहे, टिकणारच.

माझी भांडी निस्तेज आहेत कारण मला घोटता येत नाही. जुन्या लोकांचं नाव उगाच पुढे केलं. दुसऱ्या दगडाने एका ताटलीवर करून पाहिलं तर मांजराच्या मिशा फरफटून अर्ध्या गालावर गेल्या. सेबास्तियाना म्हणाली, "ह्याने केरसुणी का धरलीय तोंडात?"

आणि माझी ती एका श्वासातली रेघ. तिचा कुंचला कशाचा आहे तुला माहीत आहे. तुझं पहिलं जावळ काढलं तेव्हा बाबांनी ते जपून ठेवलं आणि त्याचा कुंचला बांधून माझ्या हातात दिला. माझे केस गाढवाच्या शेपटीसारखे, रेघ धरायचे नाहीत म्हणे. म्हणजे मी आजवर जे जे रंगवलं ते तुझ्या केसांनी. हे मी व्यासपीठावर सांगितलं नाही, कधीच कोणाला सांगितलं नाही.

सुरई अजून भाजलेली नाही, घोटलेली नाही. ओल्या फडक्यात आहे. दगडाचं तू ठरव. मी आता मागत नाही.

फेर्मिना

१७ सप्टेंबर

अल्सीरा,

निकानोरने आज लोकरीचा एक मोजा आणून दिला. चिठ्ठी नाही, काही नाही. मोज्यात दगड.

मी तो उन्हात नेऊन पाहिला. घोटायचा दगड सहा महिने नुसता पडला तर राखेच्या रंगाचा होतो, हे तुला मी काय सांगू. नाकाकपाळावर घासून त्याला अंगाचं तेल रोज पाजावं लागतं. हा दगड काळा कुळकुळीत आहे, अल्सीरा. बाबांच्या हातात होता त्याहून काळा. बोट ठेवलं तर घसरतं.

कुंड्यांना तू तेल फासत नव्हतीस. कुंड्या घोटत होतीस. लिमात, तिसऱ्या मजल्यावर, भाजलेल्या, बाजारच्या, चार दिडक्यांच्या कुंड्या, एकोणीस वर्षं. मी अंगणात बसून रडले. सेबास्तियानाने कुंपणावरून विचारलं, "कोण गेलं?" म्हटलं, "कोणी गेलं नाही, तू तुझं बघ."

दुपारी संग्रहालयात गेले. डॉक्टरांना सांगितलं, कार्डावर दोन नावं येतील, आधी माझ्या बहिणीचं. नाहीतर मांजर माझ्या घरी राहील आणि तुम्ही फोटो लावा.

"पण सेन्योरा, दोन नावं म्हणजे कार्ड मोठं करावं लागेल."

"मग करा."

"कपाटातल्या सगळ्या कार्डांपेक्षा ते मोठं दिसेल."

"दिसू दे की. मांजर आहे ते, उंदीर नाही."

ते हसले. हसला माणूस की काम होतं. कार्ड नवीन छापायला गेलं.

दगड माझ्याकडे आला, पण दगडाने काय होणार, हात तुझे तिकडे. रोज सकाळी मी फडकं ओलं करते. आणखी दोन-तीन आठवडे ती माती थांबेल, जास्त नाही. मी हट्टाने घोटायला बसले तर मिशा जातील आणि तुझं शेवटचं अंग माझ्या हातून जाईल. तसं मी करणार नाही. त्यापेक्षा कपाट रिकामं राहिलेलं चालेल आणि गावाने मला हसलेलं चालेल.

ये. दुसरं काही लिहायचं नाही.

फेर्मिना

१५ ऑक्टोबर

अल्सीरा,

हे पत्र तू इथे असतानाच लिहिते आहे. तू बाहेर अंगणात निकानोरला सांगते आहेस की बस इतकी जोरात हाणू नकोस, आणि तो सांगतो आहे की त्याची बस आहे. तुमचं लवकर संपणार नाही. तेवढ्यात हे लिहून तुझ्या पिशवीत टाकते. समोर बोलायला गेले की आपण दोघी मक्याच्या भावावर बोलतो.

तू आलीस त्या दिवशी दारात उभी राहून तू म्हणालीस, "हात कुठे धुवायचे?" एवढंच. नळ जिथे होता तिथेच आहे, तुलाही माहीत होतं. मग फडकं सोडलंस, सुरई फिरवून पाहिलीस आणि विचारलंस, "डाव्या पंजात पाच ना?"

"चार."

"बाई गं," म्हणालीस, "अजून चारच का!"

तिथे मला हसू आलं ते थांबेना. तूही हसलीस. मग दगड नाकावर घासलास, कपाळावर घासलास, आणि बसलीस. तीन दिवस मी नुसती बघत होते. माझ्या रेघेवरून तुझा दगड जात होता आणि रेघ जागची हलत नव्हती, उलट आतून दिवा लावल्यासारखा रंग वर येत होता. मला वाटायचं मी घोटाई ओळखते. मी कधी नीट पाहिलीच नव्हती. त्या तीन दिवसांत मला माझ्या बहिणीचा जेवढा अभिमान वाटला तेवढा स्वतःचा कधी वाटला नाही, आणि स्वतःचा मला किती वाटतो ते तुला ठाऊक आहे.

भट्टी आपण पहाटे लावली, वारांगोच्या पडलेल्या फांद्या आणि गोवऱ्या, बाबांसारखी. दुपारी सुरई बाहेर काढून तू नखाने टिचकी मारलीस आणि ती वाजली. सेबास्तियानाने त्यात वाकून आपलं तोंड पाहिलं आणि म्हणाली, "अरे देवा, केवढी म्हातारी झाले मी." याहून मोठं प्रशस्तिपत्र डॉक्टरांच्या बापालाही देता आलं नसतं.

आता बाराव्या तारखेचं. डॉक्टरांनी कलाकारांना पुढे बोलावलं तेव्हा मी तुला ढकललं आणि स्वतः मागे गेले. तुला वाटलं माझे गुडघे दुखत होते. गुडघे बरे होते. मी मुद्दाम अगदी शेवटच्या रांगेत जाऊन उभी राहिले. तिथून कपाट दिसत नाही, मांजर दिसत नाही. सेबास्तियानाची टोपी दिसते. लोक टाळ्या वाजवतात, त्या आपल्यासाठी आहेत असं तिथे वाटतच नाही. आणि मी तर जाणूनबुजून गेले होते, माझं नाव पुढे कार्डावर होतं. तुझं तेव्हा कुठेच नव्हतं.

चुकलं माझं, अल्सीरा. तोंडाने म्हणता आलं नाही म्हणून लिहिलं. माफ कर.

तू पुढे उभी राहून कार्ड मोठ्याने वाचलंस, 'अंग आणि घोटाई: अल्सीरा कोनिस्या. चित्र: फेर्मिना कोनिस्या.' मग मान वळवून सगळ्या गर्दीत मला शोधलंस आणि ओरडलीस, "तिथे काय करतेस? ये इकडे!" मी तुला तेव्हा हाक मारली नव्हती. तू मारलीस.

आता ऐक. पिशवीत ब्रेडच्या खाली तोच मोजा आहे आणि त्यात दगड आहे. परत पाठवू नकोस. तो घोटणारीकडेच बरा, माझं नाक त्याला पुरत नाही. त्याखाली ओल्या फडक्यात पाच किलो माती आहे, आपल्या टेकडीची. पिशवी निकानोर उचलणार आहे म्हणून तुला कळणार नाही, तो मात्र वाटेत कुरकुर करेल, त्याला तामालेस दे. आता कुंड्या सोड. एक सुरई घडव, पांढऱ्या मातीचा हात दे, घोट, वाळव. डॉक्टर म्हणतात शेजारच्या कपाटात एक देवमासा हवा आहे, तो मी तिच्यावर रंगवेन.

झाली की पेटीत घालून घेऊन ये. पण या वेळी सगळा रस्ता एकटीने मांडीवर धरायची नाही. मी वाटेतल्या इका गावापर्यंत येऊन बसमध्ये चढेन. तिथून पुढे पेटी माझ्या मांडीवर, आणि तू खिडकीशी झोप.

फेर्मिना